छापलं म्हणजे कागद हातात आला

आमच्या काकूचा दर गणपतीत एक ठरलेला प्रश्न असतो, "अरे, तू त्या कंप्यूटरवर नेमकं करतोस तरी काय?" यंदा मी म्हटलं, "काकू, अमेरिकेतले कागद नीट छापले जातात की नाही, ते बघतो." तिने मोदकाच्या पाकळ्या काढता काढता विचारलं, "कंप्यूटर आल्यावर कागद जाणार होते ना रे?"

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं! म्हणून आज जरा मनातली मळमळ बाहेर काढतो. जे माझ्यासारखे मेनफ्रेमवाले आहेत त्यांनी थेट भांडायला यावं. बाकीच्यांसाठी (हो काकू, तुझ्यासाठीही) जमेल तितकं सोपं लिहितो.

तर मंडळी, मेनफ्रेम म्हणजे तो जुना, अगडबंब, अजूनही न मेलेला कंप्यूटर. बँका, विमा कंपन्या, मोठाली गोदामं यांचा हिशोब आजही त्याच्यावर चालतो. त्याचा पडदा म्हणजे काळ्यावर हिरवी अक्षरं, २४ ओळी, ८० रकाने. आयबीएमने ३२७० नावाची ही टर्मिनलं १९७१ साली आणली. ती खोकी केव्हाच भंगारात गेली, पण त्यांचं सोंग घेणारे प्रोग्रॅम, म्हणजे एम्युलेटर, राहिले. आधी ते पीसीवर बसवायचे. मग ब्राउझरमध्ये जावा ऍपलेट म्हणून आले. २०१५ साली क्रोमने असल्या प्लगइनचं दार बंद केलं, पाठोपाठ इतरांनीही केलं, आणि ऍपलेटचा जमाना संपला. आता एम्युलेटर बहुधा सर्व्हरवर चालतो आणि ब्राउझर फक्त पडदा रंगवतो. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. उलट शंभर पीसींवर हिंडून सॉफ्टवेअर बसवण्याचे कष्ट वाचले.

तक्रार पुढे आहे. असल्या प्रत्येक प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये शेवटची पाच मिनिटं उरलेली असताना कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं, "प्रिंटिंगचं काय?" आणि दुसरा कुणीतरी लॅपटॉप मिटता मिटता म्हणतो, "कंट्रोल-पी आहे ना!"

या 'कंट्रोल-पी आहे ना'शी माझं गेल्या कित्येक वर्षांचं वैर आहे.

कारण मेनफ्रेमवरून छापणं दोन तऱ्हेचं असतं. एक म्हणजे पडद्यावर दिसतंय ते छापणं. ते कंट्रोल-पीने होतं, खाली ब्राउझरने चिकटवलेल्या लांबलचक पत्त्यासकट. दुसरं म्हणजे मेनफ्रेमने स्वतः छापणं. यात छापायचा मजकूर पडद्यावर नसतोच. बाई फंक्शन की दाबते, आणि गोदामाच्या दुसऱ्या टोकाला, फोर्कलिफ्टवाल्याच्या शेजारच्या प्रिंटरमधून १३२ रकान्यांची पावती बाहेर पडते. मेनफ्रेमच्या लेखी तो प्रिंटर म्हणजे बाईच्या टर्मिनलसारखंच एक स्वतंत्र टर्मिनल. त्याला स्वतःचं नाव असतं. सीआयसीएसमध्ये चार अक्षरी. ब्राउझर या वाटेवर कुठे येतच नाही, मग कंट्रोल-पी काय कपाळ छापणार?

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो प्रिंटर मेनफ्रेमला उलट उत्तर देतो. छापून झालं की 'झालं'. कागद संपला तर 'इंटरव्हेन्शन रिक्वायर्ड', म्हणजे 'कुणीतरी माणूस इकडे या रे'. साधी गोष्ट आहे, पण गोदामाचा सगळा व्यवहार त्या उत्तरावर उभा असतो. उत्तर आलं की मेनफ्रेम ती पावती रांगेतून काढून टाकतो आणि पुढचं काम धरतो. टीएन३२७०ई हा प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. १९९८ च्या आरएफसी २३५५ मध्ये प्रिंटरची सेशन, टर्मिनलशी त्याची जोडी लावण्याची सोय आणि ही दोन्ही उत्तरं व्यवस्थित लिहून ठेवली आहेत.

आपल्याकडे रजिस्टर पत्राबरोबर पोचपावती असायची, आठवतंय? पत्र घेणाऱ्याने सही करायची आणि ती चिठ्ठी पाठवणाऱ्याकडे परत यायची. आता समजा पोस्टमनने पत्र स्वतःच्याच पिशवीत ठेवलं आणि पोचपावतीवर स्वतःच सही ठोकली, तर?

आम्ही नेमकं तेच केलं होतं. 'आम्ही' म्हणजे त्यात मीही आलो.

२०१७ ची गोष्ट. अमेरिकेतल्या एका कंपनीचं गोदाम आम्ही पुण्यात बसून ब्राउझरवर आणत होतो. वेब पानाला गुपचूप प्रिंटरवर छापता येत नाही, आधी डायलॉग उघडावा लागतो. प्रिंटरच्या पोर्टशी थेट बोलताही येत नाही. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. मग तोडगा निघाला. प्रिंटरची सेशन सर्व्हरवर चालवायची, आलेल्या मजकुराची पीडीएफ करायची आणि ती ब्राउझरकडे पाठवायची. बाईने उघडून छापावी. डेमो झकास झाला. टाळ्या पडल्या, केक कापला.

पण पीडीएफ तयार झाल्या क्षणी आमचा सर्व्हर मेनफ्रेमला 'झालं' म्हणून मोकळा होत होता. कागद कुठेच नाही. पॉप-अप अडला, टॅब बंद झाला, सेशन संपली, तर ती पीडीएफ कुणाच्या दृष्टीसही पडत नव्हती. मेनफ्रेमने मात्र पावती रांगेतून पुसून टाकलेली.

एका रात्रपाळीला ट्रक अर्धा माल घेऊन निघाला. चौकशी झाली. पाळीवरची बाई म्हणाली, पावती आलीच नाही. त्यांनी आम्हाला विचारलं. मी लॉग काढला. वेळ, प्रिंटरचं नाव, 'यशस्वी', सगळं सेकंदासकट हजर. मी तो लॉग मोठ्या ऐटीत पाठवून दिला. बाईंना लेखी ताकीद मिळाली.

तीन आठवड्यांनी तेच पुन्हा झालं, दुसऱ्या माणसाच्या पाळीत. तेव्हा कुठे आमची ट्यूब पेटली. मी टेस्टच्या प्रिंटरमधला कागद काढून ठेवला आणि पावती पाठवली. लॉग म्हणाला, 'यशस्वी'. प्रिंटर बंदच केला. लॉग म्हणाला, 'यशस्वी'! त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मी मेल लिहिली, चूक कबूल केली, दुरुस्तीही केली. बाईंची ताकीद मागे घेतली का, ते मला कुणी सांगितलं नाही. मीही दोनदाच विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं.

तेव्हापासून मी मीटिंगमध्ये कटकट्या म्हणून प्रसिद्ध आहे. माझं म्हणणं फार काही नाही. आधी गोदामात जाऊन (किंवा निदान फोनवर विचारून) कोणता कागद कोण कशासाठी घेतं त्याची यादी करा. पडद्याची छपाई आणि मेनफ्रेमची छपाई या दोन वेगळ्या कामांचा वेगवेगळा अंदाज द्या. मेनफ्रेमची छपाई ब्राउझरच्या गळ्यात मारू नका. प्रिंटरची सेशन सर्व्हरवर, ठरलेल्या नावाने चालवा आणि तिथूनच नेटवर्कवरच्या प्रिंटरला द्या. पीआर३२८७ सारखा फुकट प्रोग्रॅमसुद्धा हे करतो. ब्राउझरमधल्या टर्मिनलला दर वेळी पूलमधलं वेगळं नाव मिळत असेल, तर कुणाचा कागद कुठे जाणार ते आधी ठरवा.

आणि 'झालं' हे उत्तर उसनं देऊ नका. छपाईच्या रांगेत लागणं म्हणजे छापणं नव्हे. आजचे प्रिंटर आयपीपीवरून काम पूर्ण झालं की नाही ते सांगतात, कागद संपल्याचंही सांगतात. ते ऐका आणि मगच मेनफ्रेमला कळवा. शेवटची टेस्ट कागद काढून घ्या. रिकाम्या ट्रेला 'यशस्वी' म्हणणारी सिस्टिम मी पास करत नाही, मग गो-लाइव्हची तारीख कितीही जवळ असो.

आता काही जण म्हणतील, "कागद हवाच कशाला? झाडं वाचवा, टॅब्लेट द्या." जरूर द्या! फोर्कलिफ्टवर टॅब्लेट बसवा, माणसांना शिकवा, काम बदला, मग कागद बंद करा. मी स्वतः पेढे वाटीन. पण तुम्ही काम तेच ठेवता, माणूस तोच ठेवता, फक्त त्याच्या हातातला कागद काढून घेता आणि त्याला आधुनिकीकरण म्हणता. त्यात झाड वाचत नाही, प्रोजेक्टचं बजेट वाचतं. त्याचा भुर्दंड रात्रपाळीतली कुणीतरी बाई भरते, आणि तिच्या विरुद्ध पुरावा म्हणून आपलाच लॉग उभा राहतो.

तेव्हा काकू, कागद गेले नाहीत गं. ते छापले गेले नाहीत तरी 'छापले' असं लिहून ठेवणारे आम्ही मात्र वाढलो. मी त्यातला एक होतो, म्हणून एवढा तावातावाने लिहितोय.

असो. पुढच्या गणपतीत नवीन प्रश्न शोधून ठेव.