तटाआतलं गाव

शेजारच्या क्वार्टरमधली मुलगी सध्या प्रागला शिकते. मागच्या रविवारी ती दिवसभर पायी शहर हिंडली आणि चार्ल्स ब्रिजवरून तिने घरी व्हिडिओ कॉल लावला. पुलाचा पाया १३५७ सालचा. फोन माझ्या हाती आला तेव्हा ते झिजलेले दगड बघून मला पवनी आठवली.

आमचं जवाहरनगर आयुध निर्माणीसाठी साठच्या दशकात वसलं. सरळ रस्ते, नंबर घातलेली क्वार्टरं. इथली सगळ्यात जुनी भिंत माझ्याच वयाची. म्हणून सुटीच्या दिवशी सकाळीच ठाणा पेट्रोलपंपावरून भंडारा गाठलं आणि तिथून पवनीची एसटी धरली.

पवनीला तीन अंगांनी तट आणि खंदक, चौथ्या अंगाला वैनगंगा. गावाच्या वेशीलाही जवाहर दरवाजाच म्हणतात. कमानीखाली थांबून दगडावर तळहात ठेवला. बाहेर ऊन तापलेलं, दगड मात्र रांजणासारखा गार. आतल्या गल्ल्यांत पावलागणिक देऊळ. पंचमुखी गणपतीचं दर्शन घेतलं आणि विचारत विचारत जगन्नाथ टेकडीवर गेलो.

इथे खरा वेळ गेला. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ही टेकडी खणली. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या हाताखाली मातीतून बौद्ध स्तूप निघाला, कठड्याचे कोरीव खांब निघाले. त्यांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. कुणी एक खांब दिला, कुणी एक आडवी शिळा. राजाच्या खजिन्यातून नव्हे, माणसांनी आपापल्या ऐपतीने हे उभं केलं, दोन हजार वर्षांपूर्वी. माझ्या पायाखाली. आणि माझ्या मुलांना मी इथे एकदाही आणलं नाही, याचं फार वाईट वाटलं. ताजमहाल दाखवला, हैदराबाद दाखवलं. ही टेकडी राहून गेली.

उतरत्या उन्हात घाटावर आलो. पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झालेल्या. एक आजी कपडे पिळत होत्या.

“कुठचे जी तुम्ही?”

“जवाहरनगरचे.”

“इतक्या जवळचे, अन् आत्ता आले?”

मी मान हलवली. त्यांनी पिळलेलं लुगडं बाजूला घेऊन पायरीवर जागा करून दिली.

“बसा जी. पाय सोडा पाण्यात. लय चालले दिसता.”