गाडीचे ‘टॉनिक’

‘साधं टाकू की प्रीमियम?’ पेट्रोल पंपावरच्या या प्रश्नाला अनेकजण गाडीच्या काळजीपोटी ‘प्रीमियम’ असे उत्तर देतात. ठणठणीत माणसाने टॉनिकची बाटली मागावी, तसाच हा प्रकार.

प्रीमियम पेट्रोलमध्ये ताकद जास्त नसते, ऑक्टेन जास्त असतो. सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढली, की पेट्रोल कधीकधी अवेळी, आपोआप पेटते. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. पेट्रोल त्याला किती दाद देत नाही, याचे माप म्हणजे ऑक्टेन. काही टर्बो किंवा जास्त दाबाच्या इंजिनांना तो अधिक लागतो आणि त्यांना तो द्यायलाच हवा. बाकीच्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. आपल्या गाडीला किती ऑक्टेन लागतो, हे तिच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असते. तेच तिचे प्रिस्क्रिप्शन.

ऑक्टेनची किंमत माणसाने एकदा आरोग्याने मोजली आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी शिशाचे संयुग मिसळून नॉकिंग थांबवले. १९२४ मध्ये ते बनवणारे काही कामगार विषबाधेने भ्रमिष्ट होऊन दगावले. तरीही विक्री पुन्हा सुरू झाली. धुरातले शिसे पुढे कित्येक दशके मुलांच्या रक्तात उतरत राहिले. त्याने मेंदूची वाढ खुंटते आणि ते नुकसान भरून येत नाही. भारतात असे पेट्रोल २००० साली बंद झाले. जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियात.

आजच्या प्रीमियममध्ये शिसे नाही. पण ‘महाग म्हणजे कमी धूर’ हाही गैरसमजच. बीएस-६ नियमांनुसार दोन्ही पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा एकच आहे, दहा लाख भागांत १० भाग. आणि बेंझिनचीही, १ टक्का. धूर कमी होतो तो वेळच्या वेळी सर्व्हिसिंग, स्वच्छ एअर फिल्टर आणि टायरमधली योग्य हवा यांमुळे. लिटरमागचे जादा पैसे तिथे खर्च करावेत.

आणि एक उपाय तर फुकटचा आहे. शाळेच्या फाटकापाशी मुलांची वाट पाहताना इंजिन बंद ठेवावे. सायलेन्सरचा धूर सोडला जातो, तो लहान मुलांच्या नाकापासून फार दूर नसतो.