हक्क दुरुस्तीचा, पेच कारागिराचा

गुलमंडीवर येणारे ग्राहक दोन प्रकारचे असतात. काही जण नवी वस्तू घ्यायला येतात, तर काही जण जुनी वस्तू पिशवीत घालून आणतात. त्या पिशवीत जळका वास येणारा मिक्सर असतो, तापेनाशी झालेली इस्त्री असते किंवा गुरगुरून थांबणारा टेबल फॅन असतो. हे ग्राहक झगमगत्या शोरूमकडे वळत नाहीत. पैठण गेट, औरंगपुरा आणि सिटी चौक यांच्या दरम्यानच्या गल्ल्यांमधील एखाद्या चिंचोळ्या दुकानाची पायरी ते चढतात. आत मालक, कारागीर आणि विक्रेता या तिन्ही भूमिका एकच माणूस पार पाडत असतो. सकाळी तो मिक्सरचे कार्बन ब्रश बदलतो, दुपारी पंख्याचा कंडेन्सर बसवतो आणि संध्याकाळी दुरुस्त केलेले जुने वॉशिंग मशिन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एखाद्या कामगाराला विकतो.

या माणसाच्या व्यवसायाशी थेट संबंध असलेले एक धोरण केंद्र सरकार गेल्या काही वर्षांपासून आखत आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडण्यात आली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू झाले. वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे हे गुणांनी दाखविणाऱ्या निर्देशांकासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरी समिती नेमली गेली आणि तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. दिशा योग्य आहे. मात्र ग्राहकाला दुरुस्तीचा हक्क देताना प्रत्यक्ष दुरुस्ती करणारा माणूस धोरणात कोठे आहे, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

व्हिडिओकॉनचा धडा

हा प्रश्न या शहराइतका दुसऱ्या कोणत्या शहराला क्वचितच कळेल. ऐंशीच्या दशकात रंगीत दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचू लागली, त्या काळात पुढे आलेल्या व्हिडिओकॉनचा कारखाना पैठण रस्त्यावरील चितेगावचा. टीव्ही, वॉशिंग मशिन, फ्रिज अशा उत्पादनांमुळे हे नाव देशभर पोहोचले. मराठवाड्यातील कित्येक घरांत पहिले वॉशिंग मशिन याच नावाचे आले. पुढे कर्जाच्या ओझ्याखाली हा समूह कोसळला. जून २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. जून २०२१ मध्ये सुमारे २,९६२ कोटी रुपयांच्या खरेदी योजनेला मंजुरी मिळाली आणि जानेवारी २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली.

या साऱ्या चर्चेत बँकांचे काय झाले, यावर भरपूर लिहिले गेले. विकल्या गेलेल्या लाखो यंत्रांचे काय, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. कंपनी अडचणीत आली म्हणून घरातील यंत्राचे आयुष्य संपत नाही. अशा वेळी ग्राहकाला आधार उरतो तो गल्लीतल्या कारागिराचा. तो जुन्या यंत्रातून सुटे भाग काढून ठेवतो, दुसऱ्या कंपनीचा भाग जुळवून बसवतो आणि जळालेल्या मोटारीची कॉइल पुन्हा भरतो. वॉरंटी संपते, कधी कंपनीही संपते. त्यानंतरची सेवा हा कारागीरच देत आलेला आहे. त्यामुळे त्याचे दुकान टिकणे हा जितका त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, तितकाच तो ग्राहकाच्या मालकी हक्काचाही प्रश्न ठरतो.

सुटा भाग सुटा मिळेना

आज या कारागिरापुढची खरी अडचण तंत्रज्ञानाची आहे. जुन्या वॉशिंग मशिनमध्ये टायमर, मोटार आणि पट्टा असे. बिघाड डोळ्यांनी दिसे, कानांनी ऐकू येई. आताच्या इन्व्हर्टर यंत्रात सारा कारभार इलेक्ट्रॉनिक पाटीवर चालतो. त्या पाटीवरील एखादा लहानसा घटक जळाला, तरी अनेकदा संपूर्ण पाटीच बदलावी लागते. पाटीचा नकाशा कारागिराला मिळत नाही आणि मूळ भाग प्रामुख्याने कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रांमार्फतच जातो. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यावर गेला, की ग्राहक साहजिकच नव्या यंत्राचा हप्ता पाहू लागतो.

युरोपीय संघाने नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. मार्च २०२१ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या वॉशिंग मशिनचे महत्त्वाचे सुटे भाग व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना दहा वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर आले. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून दुरुस्ती निर्देशांक सुरू केला, तेव्हा पहिल्या यादीतच मोबाइलबरोबर वॉशिंग मशिन आणि टीव्ही होते. आपल्याकडील अहवालात मात्र प्राधान्य स्मार्टफोन आणि टॅब्लेटला दिले आहे. मिक्सर, फ्रिज आणि वॉशिंग मशिन यांची पाळी नंतरची. मोबाइल दोन-चार वर्षांत बदलला जातो. फ्रिज मात्र दहा-पंधरा वर्षे चालावा, अशी मध्यमवर्गीय कुटुंबाची अपेक्षा असते. त्यामुळे निर्देशांकाची अधिक गरज कोठे आहे, हे वेगळे सांगायला नको.

कराचे गणित

करव्यवस्थेतही या व्यवसायाच्या दुहेरी स्वरूपाची दखल अपुरीच आहे. केवळ मालाची विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मात्र विक्रीबरोबर दुरुस्ती, म्हणजे सेवा आली, की ही मर्यादा सामान्यतः २० लाखांवर येते. म्हणजे फक्त नवे पंखे विकणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा पंखे विकून ते दुरुस्तही करणारा कारागीर लवकर नोंदणीच्या कक्षेत येतो.

जुन्या वस्तूंच्या विक्रीबाबत नियम तुलनेने उदार आहेत. नोंदणीकृत व्यापाऱ्याने खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल, तर कर संपूर्ण किमतीवर न लागता खरेदी आणि विक्री यांतील फरकावर लागतो. उदाहरणार्थ, चार हजारांना घेतलेला फ्रिज किरकोळ दुरुस्ती करून सहा हजारांना विकला, तर कर दोन हजारांवर, म्हणजे १८ टक्क्यांनी ३६० रुपये. ही सवलत उपयुक्त आहे. पण तिच्यासाठी जुना फ्रिज कोणाकडून, कितीला घेतला याची नोंद हवी, आणि या धंद्यातील बरीचशी खरेदी तोंडी व्यवहारावर चालते.

दुसरीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून एअर कंडिशनर आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही यांच्यावरील कर २८ वरून १८ टक्के झाला. ग्राहकाच्या दृष्टीने हे स्वागतार्हच आहे. मात्र नवी वस्तू स्वस्त झाली, तरी नोंदणीकृत दुरुस्तीसेवेवरील कर १८ टक्केच राहिला. ऑस्ट्रियाने २०२२ मध्ये उपकरण दुरुस्त करून घेणाऱ्या नागरिकाला निम्मा खर्च, कमाल २०० युरोपर्यंत, परत देण्याची योजना आणली होती. एवढी उदारता आपल्याला परवडणार नाही, हे मान्य. पण नवे घेणे आणि जुने टिकवणे यांना एकाच दराने मोजावे का, याचा विचार तरी व्हायला हवा.

योजनांच्या यादीबाहेर

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, कुलपे बनविणारे यांना त्यात प्रशिक्षण, अवजारे आणि सवलतीचे कर्ज मिळते. मोटारीची कॉइल भरणारा कारागीर त्या यादीत नाही. परंपरेच्या व्याख्येत तो बसत नाही आणि आधुनिक उद्योगाच्या व्याख्येत त्याला कोणी बसवत नाही.

ई-कचऱ्याच्या बाबतीतही तसेच. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांमध्ये जुनी उपकरणे दुरुस्त करून विकणाऱ्यांना नोंदणी सांगितली आहे, पण सूक्ष्म उद्योगांना या नियमांतून वगळले आहे. कागदपत्रांचे ओझे टळले, हा दिलासा खराच. परंतु दुकानात साठलेले जळके भाग, तार आणि पाट्या अखेर कोठे जातात, याचा हिशेबही त्यामुळे कोणाकडे राहत नाही. तो माल भंगारात जातो आणि नियमांचा हेतू तेथेच हरवतो.

जबाबदारी कारागिराचीही

कारागिरांची बाजू मांडताना त्यांच्या उणिवांवर पांघरूण घालून चालणार नाही. मूळ भाग म्हणून नकली भाग बसवला जातो, पावती दिली जात नाही आणि महिनाभरात तोच बिघाड झाला, तर ग्राहकाने दाद मागायची कशाच्या आधारे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष दुरुस्ती ही सेवेतील त्रुटी ठरू शकते आणि तिच्या तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा तर अधिक गंभीर आहे. आजच्या अनेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील वायू असतो. पूर्वीच्या सवयीने बंद खोलीत नळीला ज्योत लावून डाग देणे जिवावर बेतू शकते. 'अनधिकृत माणसाच्या हातात यंत्र देऊ नका' हा कंपन्यांचा इशारा त्यामुळे अगदीच निराधार म्हणता येत नाही. मात्र त्यावरचा उपाय कारागिराला दूर ठेवणे हा नसून त्याला शिकवणे हा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये वातानुकूलन आणि प्रशीतनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहेच. दुकान चालवणाऱ्या माणसाला दोन वर्षे बाकावर बसणे शक्य नाही. त्याच्यासाठी संध्याकाळचे आठ-दहा दिवसांचे वर्ग आणि त्यानंतर प्रमाणपत्र, एवढी सोय त्याच संस्थांना करता येईल.

दुरुस्तीचा हक्क कागदावरून घरापर्यंत यायचा असेल, तर तीन गोष्टी कराव्या लागतील. निर्देशांकात घरगुती उपकरणे लवकर आणणे, मूळ सुटे भाग आणि माहिती स्वतंत्र कारागिरालाही रास्त किमतीत मिळणे आणि त्या बदल्यात त्याने पावती व दुरुस्तीची हमी देणे. यातील पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या आणि कंपन्यांच्या हातात आहेत, तिसरी मात्र गुलमंडीच्या. नवे यंत्र विकणारे दुकान कोठेही उघडता येते. कोणत्या यंत्राचा कोणता भाग कोणत्या जुन्या यंत्रात बसतो, हे जाणणारा माणूस घडायला वीस वर्षे लागतात. त्याने एकदा शटर ओढले, की हक्क शाबूत राहील, पण पिशवीतला मिक्सर घेऊन जायचे कोणाकडे?