नव्याचे नऊ दिवस

मैत्रिणींनो, बाजारात वांगी घेताना आपण काय काय करतो, ते जरा आठवून बघा. देठ बघतो, हातात घेऊन अंदाज घेतो, किडकं दिसलं की भाजीवाल्याच्या डोळ्यांदेखत बाजूला काढतो. साडीच्या दुकानात दहा घड्या मोडायला लावतो. घरी आल्यावर काठावर बारीकसा डाग दिसला, तर दुसऱ्या दिवशी पिशवी काखोटीला मारून पुन्हा दुकानात हजर! हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. मग हजारो रुपयांचं यंत्र घरात आलं, की आपल्या तोंडाला कुलूप का लागतं? हा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारते आहे. कारण गेल्या वर्षी पावसाळ्यात ते कुलूप माझ्याच तोंडाला लागलं होतं.

लेकीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. कॉलेज पुण्याला, तेव्हा लॅपटॉप हवाच. माझ्या भिशीचा नंबर नेमका त्याच महिन्यात लागला आणि वर थोडी भर घालून ४६ हजारांचा लॅपटॉप आम्ही ऑनलाइन मागवला. विट्याच्या दुकानापेक्षा तीन हजारांनी स्वस्त पडला, म्हणून मी खूशही होते. कुरिअरचा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, ‘‘ओटीपी सांगा काकू, पुढं अजून वीस घरं आहेत.’’ मी सांगितला. खोकं कोपऱ्यात चेपलंय का, हेसुद्धा बघितलं नाही. सासूबाईंनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले, शेजारच्या दोघी-तिघी बघून गेल्या.

नव्याचे नऊ दिवस असं आपण म्हणतो. आमच्या लॅपटॉपनं ती म्हण अक्षरशः खरी केली. नवव्या दिवशी रात्री पडदा काळा पडला तो पडलाच.

आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? ‘‘काय केलंस गं तू त्याला?’’

लेक काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. ह्यांनी ‘‘मी म्हणत होतो, दुकानातून घेऊ’’ हे आपलं वाक्य म्हणून घेतलं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, ‘‘अगं, माठ गळका निघाला तर आपण कुंभाराकडं जातो. पोरीला कोणी रागावतं का?’’

तेव्हा लेकीनं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप दोनदा आपोआप बंद पडला होता. ‘‘मग तेव्हाच का नाही सांगितलंस?’’ ‘‘तू म्हणाली असतीस, मीच बिघडवला.’’

ते ऐकून मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. कारण ती चुकीचं बोलत नव्हती. वेबसाइटवर बदलून देण्याची मुदत होती सात दिवसांची. लेकीनं दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं असतं, तर नवा लॅपटॉप विनातक्रार दारात आला असता. ते सात दिवस कंपनीनं नाही वाया घालवले, माझ्या धाकानं घालवले. आपल्या घरांत वस्तू मोडली की ती कोणाच्या हातून मोडली हे आधी विचारतात आणि मूळचीच खराब होती का, हे कोणी विचारतच नाही. त्यातही हात मुलीचा असला तर मग काय बघायलाच नको.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू केले. विकणाऱ्यांचं म्हणणं, ‘‘मुदत संपली, आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा.’’ सर्व्हिस सेंटर सांगलीला. भर पावसात एसटीनं आम्ही मायलेकी गेलो. काउंटरवरच्या मुलानं लॅपटॉप उलटापालटा करून बघितला. झाकणावर कुंकवाचा पुसट डाग होता. ‘‘मॅडम, पूजा केलीय वाटतं. पाणी सांडलं असणार. हे वॉरंटीत बसत नाही. मदरबोर्डचे एकोणीस हजार होतील.’’

खरं सांगते, क्षणभर मला पटलंसुद्धा! सासूबाईंनी तांब्यातलं पाणी शिंपडलं होतं का, ते मी आठवायला लागले. यंत्रातलं आपल्याला काय कळतंय, हा मुलगा शिकलेला, तो म्हणतोय तर असेल, असं मनात आलं. मैत्रिणींनो, आपल्याला गप्प करायला एवढंच पुरतं. कोणी आरडाओरडा करावा लागत नाही, फक्त चार इंग्रजी शब्द टाकावे लागतात.

पण लेक माझ्यापेक्षा धीट निघाली. ती शांतपणे म्हणाली, ‘‘पाणी कुठं गेलंय ते उघडून दाखवा आणि तसं लिहून द्या. फोटोसकट.’’ मुलगा आत गेला, अर्ध्या तासानं बाहेर आला आणि ‘‘साहेब नाहीत, ठेवून जा’’ म्हणाला. आम्ही ठेवला, पण जॉबशीटवर लिहून घेतलं: खरेदीची तारीख, बंद पडल्याची तारीख, बाहेरून ओरखडा नाही, पाण्याची खूण दाखवलेली नाही. खाली त्याची सही आणि शिक्का घेतला.

परतीच्या एसटीत मी पहिल्यांदा बिल नीट वाचलं. आणि गंमत बघा, वेबसाइटवर सात दिवसांची मुदत मोठ्या अक्षरांत होती, बिलावर मात्र मुदतीचा एक शब्दही नव्हता. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो, की सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला बिलावर छापलेल्या मुदतीत नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि बिलावर मुदत नसेल, तर ती ३० दिवस धरायची. आमचा तर दहावाच दिवस होता. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे वेगळे नियमही आहेत. प्रत्येक वेबसाइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. सदोष माल परत घ्यायला विक्रेत्यानं नकार द्यायचा नाही, हेही त्यात आहे.

मग आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून मराठीतच आधी सगळं लिहून काढलं. तारीखवार, किराण्याचा हिशेब लिहितो तसं. लेकीनं त्याचं इंग्रजी केलं आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवली. सोबत बिल, जॉबशीट, फोटो जोडले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथं फोन केला, मराठीत बोलले, तक्रारीचा क्रमांक मिळाला. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, पण आपली तक्रार कंपनीच्या पुढ्यात ठेवते आणि उत्तर मागते. चौथ्या दिवशी कंपनीचा फोन आला, सूर अगदीच वेगळा! आता पाणी वगैरे काही नव्हतं, ‘‘मदरबोर्ड फुकट बदलून देतो’’ म्हणाले. मी म्हटलं, ‘‘नऊ दिवसांच्या बाळाचं ऑपरेशन नको. वस्तू बदलून द्या, नाहीतर पैसे द्या.’’ आणखी दोन ईमेल, पाच-सहा फोन झाले. अडतिसाव्या दिवशी नवा लॅपटॉप आला. तोवर लेकीनं मैत्रिणीच्या लॅपटॉपवर रात्री जागून असाइनमेंट केल्या, त्याची भरपाई कोणी दिली नाही.

सगळ्यांचंच इतक्यावर निभावेल असं नाही. पण पुढचा दरवाजाही बंद नसतो. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. कंपनी दिल्लीची असो की बेंगळुरूची, तिथं जायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवर घरबसल्याही तक्रार दाखल करता येते.

आता ठेच लागल्यावर आलेलं शहाणपण चार वाक्यांत सांगते. खोकं चेपलेलं, फोडलेलं दिसलं तर ओटीपी देण्याआधी फोटो काढा. खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि बिल, खोकं व यंत्र या तिन्हींवरचा सिरियल नंबर जुळतो का ते बघा. बदलून देण्याच्या मुदतीत यंत्राला विश्रांती देऊ नका. चार्जिंग, कॅमेरा, आवाज, प्रत्येक बटण तपासा, तासन्‌तास चालवा. खोकं निदान महिनाभर रद्दीत घालू नका. दुरुस्तीला देताना शक्य असेल तर आपले फोटो आणि कागदपत्रं काढून घ्या, पासवर्ड बदला. आणि एक फार महत्त्वाचं: कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथं भामटे टपलेले असतात. बिलावरचा किंवा वॉरंटी कार्डावरचाच नंबर लावा. पैसे परत देतो म्हणून कोणी ओटीपी किंवा एखादं ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. चुकून फसलातच तर लगेच १९३० ला कळवा.

या सगळ्यात मदरबोर्ड म्हणजे काय, हे मला एकदाही सांगावं लागलं नाही, मैत्रिणींनो. तारखा लिहिणं, कागद जपून ठेवणं, पुन्हा पुन्हा विचारत राहणं, एवढंच लागलं. हे तर आपण गॅसच्या नंबरापासून रेशनकार्डापर्यंत रोज करतो. १९७२ मध्ये याच महाराष्ट्रात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांनाही कुणी अर्थशास्त्र शिकवलेलं नव्हतं. घरात काय कमी पडतंय ते त्यांना ठाऊक होतं.

२४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. त्या दिवशी भाषणं होतील. आपण मात्र घरातल्या बिलांची एक फाइल करू या आणि मुलींना एक वाक्य सांगून ठेवू या: ‘‘काही बिघडलं तर आधी मला सांग, मी रागावणार नाही.’’

मी लेकीला हे सांगितलं. नवा लॅपटॉप आल्यावर सासूबाईंनी पुन्हा कुंकू लावलं. या वेळी लेकीनं त्याचाही व्हिडिओ काढून ठेवला आहे.