माहितीची मक्तेदारी

जालन्याच्या उत्तरेस, भोकरदन तालुक्यातील राजूर हे गाव मराठवाड्याला गणपतीचे क्षेत्र म्हणून ठाऊक आहे. अशा गावांतील शेतकऱ्यांची, शेतमजुरांची मुलेमुली आज विज्ञानाची पदवी घेत आहेत. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ साली, दीर्घ लढ्यानंतर, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. शिक्षणाचा हक्क सर्वांचा, हाच ह्या दोन्ही घटनांचा अर्थ होता. परंतु पदवीनंतर पुढे काय, ह्या प्रश्नापाशी तो हक्क आजही अडखळतो.

आय.आय.टी.तील एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी २००४ पासून ‘जॅम’ ही परीक्षा घेतली जाते. ती फेब्रुवारीत होते. अर्ज मात्र आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच भरावे लागतात. पदवीचा निकाल हाती आल्यावर प्रवेशाची चौकशी करण्याची आपल्याकडील रीत येथे घातक ठरते. तोवर वर्ष वाया गेलेले असते. राखीव जागा आहेत, हे खरे. पण ज्याला अर्जाची मुदतच कळली नाही, त्याला त्या जागेचा उपयोग काय?

प्रश्नपत्रिका केवळ इंग्रजीत असते. तीन तासांत साठ प्रश्न सोडवायचे. पाठांतराचा तेथे निभाव लागत नाही. शहरातील विद्यार्थी ही उणीव शिकवणीवर्गाला पैसे मोजून भरून काढतो. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याला तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकावर विसंबावे लागते, आणि त्या प्राध्यापकाचीच उद्याची शाश्वती नसते. परीक्षा एकच म्हणून स्पर्धा समान, असे मानणे ही आत्मवंचना होय.

रिक्त पदे कायमस्वरूपी भरा, ही मागणी रेटलीच पाहिजे. पण तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. ‘जॅम’च्या जुन्या प्रश्नपत्रिका विनामूल्य मिळतात. गणितासाठी १९९३ पासून चालणारी ‘एम.टी.टी.एस.’ शिबिरे आहेत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम आहे. विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधनवृत्ती आहे. ह्या वाटा सार्वजनिक पैशातून बांधल्या गेल्या; त्यांचा पत्ता मात्र मूठभरांनाच माहीत आहे.

कार्यकर्त्यांनी गावोगावी अभ्यासमंडळे काढावीत. दुसऱ्या वर्षापासूनच आठवड्याला एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवून घ्यावी, अर्जांच्या तारखा ग्रंथालयाच्या फळ्यावर लिहाव्यात, फॉर्म भरायला सोबत बसावे. काम लहान दिसते. पण ज्ञानावरील मक्तेदारी प्रथम माहितीवरील मक्तेदारीच्या रूपानेच उभी राहते, आणि ती तेथेच मोडावी लागते.