विश्लेषण : ‘झेड-८०’ची वारसदार मागे का पडली?

‘झायलॉग’ कंपनीने मूळ ‘झेड-८०’ मायक्रोप्रोसेसरची मागणी नोंदवणे जून २०२४ मध्ये बंद केले. तब्बल ४८ वर्षे विकली गेलेली ही चिप. तिची थोरली वारस म्हणून १९७९ मध्ये आलेली ‘झेड-८०००’ मात्र आज फारशी कुणाला आठवतही नाही.

‘झेड-८०’ का चालली?

इंटेलमधून बाहेर पडलेले फेडेरिको फॅगिन यांची ही चिप १९७६ मध्ये आली. इंटेलच्या ‘८०८०’साठी लिहिलेले प्रोग्राम ती जसेच्या तसे चालवत असे. ‘८०८०’ला तीन वेगवेगळी व्होल्टेज लागत, हिला फक्त ५ व्होल्ट पुरत. जुने काही टाकून न देता ग्राहकाला सोय मिळाली.

मग ‘झेड-८०००’चे काय बिनसले?

रचना वाईट नव्हती. इंटेलच्या ‘८०८६’मध्ये २९ हजार ट्रान्झिस्टर, हिच्यात सुमारे साडेसतरा हजार. पण ‘झेड-८०’चे प्रोग्राम तिच्यावर चालत नव्हते, ज्या युक्तीने कंपनी उभी राहिली, तीच ती विसरली. ‘८०८६’वरही जुने प्रोग्राम थेट चालत नसत, तरी जुना असेम्ब्ली कोड बऱ्याच अंशी आपोआप बदलून घेता येत असे. शिवाय ती वर्षभर आधी बाजारात आली होती. १९८१ मध्ये आयबीएमने पीसीसाठी तिचीच स्वस्त बहीण ‘८०८८’ निवडली. झायलॉगमागे पैसा एक्झॉन या तेल कंपनीचा होता आणि एक्झॉन कार्यालयीन यंत्रांत आयबीएमशी स्पर्धा करू पाहत होती, हेही लक्षात घ्यावे लागते.

सुसंगतता म्हणजेच यश?

तसेही नाही. १९७५ मध्ये २५ डॉलरला मिळणाऱ्या ‘६५०२’ची १६ बिटची सुसंगत वारस ‘६५८१६’ आली, ‘ॲपल टू-जीएस’ आणि ‘सुपर निन्टेन्डो’मध्ये बसली. पण ॲपलने मॅकिन्टॉशसाठी मोटोरोलाची ‘६८०००’ आधीच निवडली होती. ‘६५०२’ वापरणाऱ्या ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीलाही बाजारातल्या १६ बिट चिप पसंत पडल्या नाहीत. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ‘६५८१६’ बनवणाऱ्या कंपनीत गेले, तिथे मोजकी माणसे चिप आखताना दिसली. मग आपणच का नको, असे ठरले आणि १९८५ मध्ये पहिली ‘आर्म’ चिप तयार झाली. तिच्यावर ‘६५०२’चे प्रोग्राम थेट चालत नसत. मात्र वीज फार कमी लागे आणि हातात मावणाऱ्या उपकरणांत सांभाळावे असे जुने सॉफ्टवेअर जवळपास नव्हतेच. तुमच्या फोनमधला प्रोसेसर बहुधा याच घराण्यातला आहे.

झायलॉग आता ‘ईझेड-८०’ विकते. ती ‘झेड-८०’चे जुने प्रोग्राम चालवते.