पिठल्याचा दिवस

आमच्या लहानपणी साताऱ्याच्या घरात महिन्याच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत एक ठरलेला पदार्थ असायचा. पिठलं. भाजीवाला गल्लीतून ओरडत जायचा आणि आई ते ऐकूच आलं नाही असं दाखवून डाळीच्या पिठाचा डबा खाली काढायची. कांदा, मिरची, लसूण, चरचरीत फोडणी. कोथिंबीर असली तर असली. आम्ही भावंडं पिठलं-भाकरी म्हटल्यावर खूष असायचो. पैसे संपलेत म्हणून ताटात हे आलंय, हे कळायचं ते वय नव्हतं.

आज हे आठवायचं कारण म्हणजे टीव्ही. (हो, टीव्हीच. थोडा धीर धरा.)

इंग्रजी मालिकांच्या धंद्यात एक शब्द आहे, 'बॉटल एपिसोड'. मी हा शब्द पहिल्यांदा घरात उच्चारला तेव्हा आमच्या मेहुण्यांचे डोळे चमकले होते, पण ही ती बाटली नव्हे. काचेच्या बाटलीत बसवलेलं छोटं जहाज असतं ना, तसं. नाव असं का पडलं याच्या दोन-तीन कथा सांगतात, मला ही जहाजाची आवडते. सगळा भाग एका जागेत, आधीच बांधलेल्या सेटवर आणि शक्यतो नेहमीच्याच नटांत उरकायचा. बाहेर पडायचं नाही.

यामागे कला वगैरे काही नसते, निव्वळ हिशेब असतो. वर्षाचे अमुक भाग द्यायचे, भागाला साधारण अमुक पैसे, असं ठरलेलं असतं. सुरुवातीच्या भागांत हात सैल सुटतो. स्फोट होतात, पाहुणे नट येतात, बाहेरगावी चित्रीकरण होतं. मग कधीतरी कोणीतरी वही उघडतो आणि डोक्याला हात लावतो. भाग तर द्यायचेच आहेत. मुख्य नटांना पैसे द्यायचेच आहेत, सेटही उभाच आहे. मग वाचवायचं कशात? तर बाहेर पडण्यात. बाहेर पडणं म्हणजे ट्रक, दिवे, जनरेटर, परवानग्या, शे-दीडशे माणसांचं जेवण, आणि सामान हलवण्यात फुकट गेलेला अर्धा दिवस. नवा सेट म्हणजे सुतार आणि रंगारी. हे सगळं गाळलं की उरतं ते पिठलं!

आणि ही युक्ती फार जुनी आहे. बीबीसीची 'डॉक्टर हू' १९६३च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि १९६४च्या फेब्रुवारीतच त्यांच्यावर ही वेळ आली. दोन भागांची एक गोष्ट, चार मुख्य नट आणि त्यांच्या यानाचा सेट, बस्स.

आता तुम्ही म्हणाल, पैसे नाहीत म्हणून केलेल्या भागाचं एवढं काय कौतुक? कौतुक सरसकट नाहीच. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते सांगायला एकाच मालिकेतले दोन भाग पुरतील.

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'चं दुसरं वर्ष १९८९ साली संपलं तेव्हा पैसे संपत आले होते. त्यांनी शेवटच्या भागात काय करावं? रायकर नावाच्या अधिकाऱ्याला एक विषारी काटा लावला, दवाखान्यात झोपवलं आणि त्याला जुन्या भागांतले प्रसंग 'आठवायला' लावले. तीन दिवसांत चित्रीकरण आटोपलं. 'शेड्स ऑफ ग्रे' हा तो भाग. मालिकेचे कट्टर चाहतेसुद्धा त्याचं नाव काढत नाहीत. आपल्याकडे याला शिळ्या कढीला ऊत आणणं म्हणतात.

पुढे चौथ्या वर्षी पुन्हा तीच वेळ आली. पुन्हा जुन्या तुकड्यांची गोधडी शिवायचा विचार वरून आला. या वेळी मायकेल पिलर हे लेखनाची बाजू सांभाळत होते. ते म्हणाले, तेवढ्याच पैशात नवी गोष्ट करतो. १९९१च्या एप्रिलमध्ये 'द ड्रमहेड' आला. दिग्दर्शक जोनाथन फ्रेक्स, म्हणजे काटा लागलेला रायकरच! जहाजावर स्फोट होतो, घातपाताचा संशय येतो, चौकशीला एक निवृत्त ॲडमिरल बाई येतात (जीन सिमन्स). स्फोट हा अपघात होता हे पुढे सिद्ध होतं, पण चौकशी थांबत नाही. एका पोरसवदा कर्मचाऱ्याने आपला आजोबा शत्रुपक्षाचा होता हे लपवलेलं असतं, तेवढ्यावर त्याला धरतात. मग ज्याने त्याची बाजू घेतली त्या कप्तानालाच आरोपीच्या खुर्चीत बसवतात. सगळा भाग म्हणजे खोल्या, टेबलं आणि बोलणारी माणसं. अंतराळातली एक लढाई नाही. पण संशयाचं भूत सज्जन माणसांच्या मानगुटीवर कसं बसतं हे त्याने दाखवलं, आणि मालिकेच्या उत्तम भागांत आज तो मोजला जातो.

टंचाई दोन्ही वेळेला तीच होती. एकदा शिळी कढी झाली, एकदा पिठलं. तेव्हा टंचाईने कला फुलते वगैरे मी म्हणणार नाही. टंचाई फक्त एवढंच करते की दार बंद करते. आत काय असेल ते मग बाहेर येतं. आत काही नसेल तर काहीच येत नाही.

'ब्रेकिंग बॅड'चा 'फ्लाय' हा भाग घ्या. २०१० सालचा, दिग्दर्शक रायन जॉन्सन. (ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, नंतर शिव्या देऊ नयेत.) खर्च हाताबाहेर गेला होता म्हणून हा भाग एका सेटवर बेतला, हे मालिकेचे कर्ते व्हिन्स गिलिगन यांनी उघडपणे सांगितलंय. तळघरातल्या प्रयोगशाळेत एक माशी शिरते आणि वॉल्टर व्हाइट रात्रभर तिच्या मागे लागतो. झालं कथानक! एवढ्यासाठी तास घालवला म्हणून चिडणारे आजही आहेत. पण मला वाटतं मालिकेचं काळीज या भागात आहे. जेसीच्या मैत्रिणीला वॉल्टने डोळ्यांदेखत मरू दिलेलं असतं. जेसीला ते माहीत नाही. आता जेसी शिडीवर चढलाय, झोपेच्या गोळीने जडावलेला वॉल्ट खाली शिडी धरून उभा आहे, आणि ते सत्य त्याच्या ओठांशी येतं. 'वाईट वाटतं' एवढंच तो म्हणतो. जेसीला ती सहानुभूती वाटते. मालिकेत एरवी इतकं काही घडत असतं की या दोघांना एकमेकांसमोर नुसतं बसायला सवड नसते. पैसे संपले म्हणून ती मिळाली.

खरं तर हे सगळं आपल्याला नवीन नको वाटायला. आपण तीन अंकी, एका सेटच्या नाटकांवर वाढलेली माणसं. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवा. १९६७ सालचं. एक सभागृह, प्रयोगाआधी वेळ काढायला मांडलेला खोटा खटला, आणि बेणारे बाई निघून जाऊ पाहतात तेव्हा कळतं की दाराला बाहेरून कडी लागलीय. ती कडी म्हणजेच बाटलीचं बूच. 'द ड्रमहेड' पाहताना मला सारखं हेच नाटक आठवत होतं.

आणि म्हणूनच आपल्या रोजच्या मालिकांवर माझा राग आहे. एक बंगला, एक दिवाणखाना, एक जिना, वर्षानुवर्षं तोच सेट. म्हणजे बाटली आयती हातात आहे! पण बूच कधी लावतच नाहीत. दोन माणसं खरं बोलायच्या बेतात आली की फोन वाजतो, दाराआडून कोणीतरी ऐकतं, नाहीतर मावशी चहाचा ट्रे पाडते. सेट एकच असणं म्हणजे बंदिस्त असणं नव्हे. असो.

आता थोडं घरचं. (काकांना हे लिहिणार असल्याचं फोनवर सांगितलंय आणि बाबांनाही विचारलंय, तेव्हा नातेवाईक मंडळींनी धास्तावू नये.)

आई गेल्यापासून बाबा वर्षातून दोनदा आमच्याकडे पुण्याला येतात. ते आले की आम्ही त्यांना फिरवतो. सारसबाग, नाटक, आत्याकडे, एखाद्या नव्या हॉटेलात थाळी. हौस असतेच, पण खरं सांगायचं तर घरात समोरासमोर बसलो की काय बोलायचं हा प्रश्न असतो. आमच्या दोघांत कधीच फार बोलणं नव्हतं. म्हणजे आमचं सगळं 'आउटडोअर शूटिंग'.

गेल्या वर्षी आषाढात ते आले आणि तिसऱ्याच दिवशी न्हाणीघरात घसरले. घोट्याला प्लॅस्टर, सहा आठवडे. बाहेर धो धो पाऊस. हॉलमधला दिवाण, समोर माझी खुर्ची. पहिला आठवडा टीव्हीवर गेला. मग एका संध्याकाळी वीज गेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "अशा पावसात आईच्या हातचं पिठलं पाहिजे होतं."

बाबा म्हणाले, "तिला पिठलं आवडायचं नाही."

"काहीतरीच काय. आठवड्याला तर करायची."

"महिन्याच्या शेवटाला करायची. तुम्हाला वाढायची. ती स्वतः ताक-भात खायची. कधी बघितलं नाहीस?"

नव्हतं बघितलं.

मग सावकाश बाकीचं आलं. कचेरीतल्या एका मित्राच्या कर्जाला बाबा जामीन राहिले होते. मित्राने हप्ते थकवले आणि बाबांच्या पगारातून कापून जाऊ लागले. सहा वर्षं. त्या सहा वर्षांतच माझी सातवीची सहल होती, वेरूळ-अजिंठ्याची, ८५ रुपये. बाबा नको म्हणाले होते. त्या दिवसापासून माझ्या हिशेबी माझे वडील कंजूष होते. चाळीसेक वर्षं मी हा शेरा बदलला नव्हता. बायकोला सांगितला होता, मुलांना हसत हसत सांगितला होता.

"तेव्हा का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"विचारलंस कुठे?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि मी सांगितलंही नसतं."

अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मला उठून मेणबत्ती आणायची होती. म्हणजे खरं तर मला उठायचं होतं. पण त्यांना उठता येत नव्हतं, म्हणून मीही बसून राहिलो.

म्हणून वर लिहिलेल्यात एक दुरुस्ती करतो. पिठल्याचं कौतुक मी केलं ते खाणारा म्हणून केलं. करणारीला विचारलं असतं तर तिने भाजी मागितली असती. लेखक-दिग्दर्शकांनाही मनासारखे पैसे मिळावेत, बाहेर जायला मिळावं. टंचाईची गोडी ती न सोसणाराच गातो. शिवाय दार बंद करण्यात पैसे वाचतीलच असंही नाही. 'एक्स-फाइल्स'चा 'आइस' (१९९३) हा भाग काटकसर म्हणून एका जागेत बेतला होता, आणि खर्च उलट ठरल्यापेक्षा वाढला! हल्ली तर मालिका आठ-दहा भागांच्याच असतात, तेव्हा भागांची भरती करायची ती जुनी निकडही कमी झालीय.

मला हवंय ते एवढंच. पैसे असतानाही कधीतरी दार लावून घ्यावं. मालिकेत आणि घरातही. प्लॅस्टरची वाट पाहू नये.

बाबा आता काठी घेऊन चालतात, परत साताऱ्याला गेलेत. दिवाळीनंतर येणार आहेत. या वेळी कुठे न्यायचा बेत केलेला नाही, घरीच बसू म्हटलं. फोनवर विचारलं, पहिल्या दिवशी जेवायला काय करू?

म्हणाले, "पिठलं सोडून काहीही."